तोल कानात असतो

(८ सप्टेंबर या जागतिक फिजिओथेरपी दिनाच्या निमित्ताने यवतमाळ येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन.)



आरोग्याच्या विषयावर बोलण्यासाठी एका पत्रकाराला पाचारण करण्याचे धाडस संयोजकांनी केले आहे. मी कला शाखेचा पदवीधर. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या सांगाड्याच्या चित्रापलीकडे कधी गेला नाही. तरीही हे निमंत्रण मी स्वीकारले, याचे कारण माझी आत्या. आज तिचीच हकीकत मी आपल्यापुढे मांडणार आहे. शास्त्र त्या ओघात जेवढे येईल तेवढे येईल.

आत्या दारव्हा तालुक्यातील. वयाची सत्तरी ओलांडलेली, परंतु पहाटे उठून सडा-सारवण करणारी, चार घरांची खबरबात ठेवणारी. एके दिवशी न्हाणीघरात कोनाड्यातील साबण घेण्यासाठी तिने मान वर केली आणि ती कोसळली. खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली; त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार आम्ही विसरणार नाही. सहा आठवड्यांत ती काठी घेऊन चालू शकेल, असे आम्हांला सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात आठ महिने ती अंथरुणावरून उठली नाही. हाड जुळले होते, क्ष-किरण चित्र स्वच्छ होते, मग ही उठत का नाही? घरातले म्हणू लागले की म्हातारीने हाय खाल्ली. मीही तसेच समजत होतो, हे आज कबूल करतो. ती मात्र विचारले की एकच सांगे, "घर फिरून राह्यलं रे बापू."

घर फिरते म्हणजे पित्त झाले असणार, हे आपल्याकडचे सर्वमान्य निदान! लिंबू-साखरेचे पाणी झाले, आवळ्याचा मुरंबा झाला. त्यानंतर एका वैद्यकीय व्यावसायिकाने मानेच्या मणक्यांची झीज सांगून गळ्यात पट्टा बांधला आणि चक्कर थांबवण्याच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या आठ महिने अखंड चालू होत्या. "किती दिवस घ्यायच्या?" हा प्रश्न आम्ही एकदाही विचारला नाही. पत्रकारिता करताना मंत्र्यांना भंडावून सोडणारा मनुष्य दवाखान्यात गेल्यावर मुका होतो, याचा हा नमुना.

अखेर पायाचे व्यायाम शिकवण्यासाठी फिजिओथेरपीची पदवी घेतलेली एक मुलगी घरी येऊ लागली. वयाने माझ्या मुलीएवढी. दुसऱ्याच दिवशी तिने असा एक प्रश्न विचारला, जो तोवर कोणीही विचारला नव्हता. "आजी, तुम्ही नेहमी डाव्याच कुशीवर का झोपता?" आत्या म्हणाली, "उजवीकडे वळलं की घर फिरते." त्या मुलीने पुढे विचारले, किती वेळ फिरते? दिवसभर, की चार-दोन क्षण? आत्याने विचार करून सांगितले की वीस-पंचवीस आकडे मोजावे इतका वेळ, मग थांबते. पण त्या भीतीने दिवस जातो.

तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दूरध्वनी करून खुब्याला कोणती हालचाल चालेल, कोणती चालणार नाही, याची खातरजमा केली. मग खांद्याखाली उशी ठेवून, मान उजवीकडे वळवून, आत्याला सावकाश मागे निजवले आणि मला म्हणाली, "काका, आजींचे डोळे बघा." क्षणभर काही झाले नाही. मग दोन्ही बुबुळे आपोआप, लयीत, झटके घेत फिरू लागली. आत्याने माझे मनगट घट्ट धरले होते. अर्ध्या मिनिटात ते थांबले. आठ महिने जिला आम्ही मनाचा दुबळेपणा समजत होतो, ती व्याधी अशी डोळ्यांत दिसली.

मित्रहो, आता थोडे शास्त्र. चक्कर हा शब्द चक्रावरूनच आलेला आहे. माधवनिदानात 'भ्रम' या व्याधीचे वर्णन करताना शरीर चाकासारखे फिरते आणि मनुष्य भूमीवर पडतो, असे सांगितले आहे. लक्षण आपल्या पूर्वजांनी अचूक टिपले होते. अंतर्कर्णात नेमके काय घडते हे मात्र गेल्या शे-सव्वाशे वर्षांत उलगडत गेले. येथे बसलेल्या भगिनींनी मंगळागौरीला फुगडी घातली असेल. फुगडी थांबली तरी अंगण फिरतच राहते, हे आठवते ना? कानाच्या आतल्या भागात, दोन्ही बाजूंना, तीन-तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात आणि त्यांत द्रव भरलेला असतो. डोके फिरले की तो द्रव हलतो आणि मेंदूला कळते की आपण फिरत आहोत. फुगडी थांबते, डोके थांबते, पण द्रव काही क्षण वाहतच राहतो. मेंदू त्यावर विश्वास ठेवतो आणि अंगण फिरते.

या नलिकांच्या शेजारी एक छोटी पिशवी असते. तिच्यात कॅल्शियम कार्बोनेटचे अत्यंत सूक्ष्म स्फटिक एका चिकट थरावर बसलेले असतात. आपल्या वणीकडची चुनखडी ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याचे हे कण. गुरुत्वाकर्षणाची दिशा आपल्याला त्यांच्यामुळे कळते. वाढते वय, डोक्याला बसलेला मार, दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे, अशा कारणांनी यांतले काही कण सुटतात आणि शेजारच्या नलिकेत घरंगळतात. मग कूस बदलली, वर पाहिले, खाली वाकले की ते कण नलिकेत सरकतात, द्रवाला ढकलतात, आणि फुगडी न घालताच घर फिरू लागते. वैद्यकाच्या भाषेत याचे लांबलचक इंग्रजी नाव आहे. बीपीपीव्ही या आद्याक्षरांनी ते ओळखले जाते. चक्कर येण्याच्या कारणांत हे सर्वाधिक आढळणाऱ्या कारणांपैकी एक आहे.

या शोधाची कथाही मोठी रंजक आहे. व्हिएन्नातील रॉबर्ट बारानी नावाचे कानाचे डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत असत. पाणी थंड असले की रुग्णाला चक्कर येई आणि डोळे एका दिशेला झटके घेत. गरम असले की उलट दिशेला. दुसरा एखादा पाणी कोमट करून मोकळा झाला असता. बारानींनी विचार केला की तापमानामुळे कानातला द्रव वाहू लागत असला पाहिजे. या कार्यासाठी त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा ते महायुद्धातील कैदी म्हणून रशियनांच्या छावणीत होते. पुढे १९५२ मध्ये डिक्स आणि हॉलपाईक या दोघांनी आत्यावर केलेली ती निजवण्याची परीक्षा शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. आणि अमेरिकेतील पोर्टलंडचे डॉ. जॉन एपली यांनी विचारले की हे कण जर घरंगळत आत गेले असतील, तर डोके योग्य क्रमाने फिरवून ते घरंगळत बाहेर का काढता येऊ नयेत? शस्त्र नाही, औषध नाही, नुसते डोके फिरवून चक्कर बरी होते, हे त्यांच्या व्यवसायबंधूंना वर्षानुवर्षे पटेना. त्यांचा प्रबंध अखेर १९९२ साली प्रसिद्ध झाला. आज ती पद्धत जगभर मान्यताप्राप्त आहे.

आत्यावर त्या मुलीने हीच पद्धत वापरली. उजवीकडे वळवलेले डोके घेऊन निजवणे, चक्कर थांबेपर्यंत धरून ठेवणे, मग डोके डावीकडे फिरवणे, मग पूर्ण अंग डाव्या कुशीवर नेऊन चेहरा जमिनीकडे, आणि शेवटी सावकाश उठवून बसवणे. प्रत्येक टप्प्यावर अर्धे-एक मिनिट. सगळे मिळून पाच-सात मिनिटे. दोन दिवसांनी पुन्हा केले. तिसऱ्या दिवशी परीक्षा केली तेव्हा बुबुळे स्थिर होती. आत्या उजव्या कुशीवर पडून म्हणाली, "आता आढं जागच्या जागी हाय." आठ महिन्यांच्या गोळ्यांचा खर्च मी मनातल्या मनात मोजला आणि गप्प बसलो.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे, नाहीतर आपण उद्याच घरी खाटेवर प्रयोग आरंभाल. प्रत्येक चक्कर ही कानातल्या कणांची नसते. कण कोणत्या कानात, कोणत्या नलिकेत आहेत हे डोळ्यांच्या झटक्यांवरून ओळखावे लागते. बाजू चुकली तर उपयोग शून्य. मानेचा विकार असलेल्यांच्या बाबतीत तर विशेष दक्षता हवी. उभे राहिल्याबरोबर अंधारी येत असेल तर रक्तदाब आणि त्याच्या गोळ्या तपासाव्या लागतात. अंगात रक्त कमी असेल तरी भोवळ येते. आणि चक्करेबरोबर बोबडी वळली, एक वस्तू दोन दिसू लागली, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला, किंवा उभेच राहता येईना, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. तेथे तास-दीड तासही मोलाचा असतो. पित्ताचा मुरंबा शोधत बसू नये.

आपल्या जिल्ह्यात तर आणखी एक कारण आहे आणि ते बोलताना मन जड होते. २०१७ च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात दाखल करावे लागले. चक्कर, मळमळ, अंधुक दिसणे ही त्यांची सुरुवातीची लक्षणे होती. कित्येकांनी ऊन लागले असे समजून झाडाखाली आडवे होणे पसंत केले. तेव्हा फवारणीनंतरची चक्कर ही विषाची समजावी. कपडे उतरवून अंग साबणाने धुवावे आणि औषधाची बाटली किंवा तिचे वेष्टन सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. घरातील तरुणांना हे आपण ज्येष्ठांनीच सांगायचे आहे. आमचे वर्तमानपत्रातले लेख ते वाचत नाहीत.

असो. आत्याची चक्कर गेली, पण कथा तेथे संपत नाही. चक्कर नव्हती तरी ती भिंत धरूनच चाले. पाऊल उचलण्याऐवजी घासत टाकी. मान तर अशी ताठ, की हाक मारली की सबंध अंगाने वळायची. त्या मुलीने समजावले की तोल हा तीन साक्षीदारांच्या जबानीवर उभा असतो. डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय-सांधे यांतून येणारी जाणीव. मोतीबिंदूने पहिला साक्षीदार अधू होतो, मधुमेहाने तिसरा बधिर होतो. एखादा साक्षीदार उलटला तर इतर दोघांच्या आधारे निवाडा करायला मेंदू शिकू शकतो. मात्र त्याला खटला चालू ठेवावा लागतो. मनुष्य आडवा पडून राहिला, मान हलवीनासा झाला, तर मेंदूला शिकायला काही उरतच नाही. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांच्या तीव्र त्रासात उपकारक ठरतात. महिनोन्महिने घेतल्या तर त्या हे शिकणेच मंदावतात. (आपली चालू औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याखेरीज कोणीही बंद करू नयेत.)

हे ज्ञान दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये पुढे आले. टेरेन्स कॉथोर्न हे कानाचे शल्यविशारद आणि कुक्सी हे त्यांचे सहकारी डॉक्टर यांच्याकडे डोक्याला मार बसलेले सैनिक येत. अंथरुणात निजून असलेल्यांपेक्षा उठून हिंडणारे लवकर बरे होतात, हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी क्रम आखला. आधी निजूनच डोळे वर-खाली, मग मान, मग बसून वाकणे, मग उभे राहून चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात झेलणे, मग जिना, मग उतार. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. हे व्यायाम ते समूहाने करवून घेत. आज फिजिओथेरपीत तोलाचे जे उपचार दिले जातात, त्यांची बैठक येथे आहे.

हे वाचताना मला आपल्या अंगणातले खेळ आठवले. लंगडी, फुगडी, भिंतीवरून चालणे, झाडावर उलटे लोंबकळणे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने मल्लखांबाची परंपरा जोपासली. मल्लखांबावर उलटा झालेला पोरगा आपल्या कानाला जे शिक्षण देतो, ते अन्यत्र कोठे मिळावे? जमिनीवर बसून जेवणे आणि हात न टेकता उठणे, हाही रोजचा व्यायामच होता. सोफा आला आणि तो गेला. गुडघे दुखणाऱ्यांनी उगाच मांडी घालावी, असे मी म्हणत नाही. पण नातवंडांना लंगडी खेळू द्या, एवढे तरी आपल्या हाती आहे.

आत्याला दिलेले व्यायाम अगदी साधे होते. भिंतीवर दिनदर्शिका टांगायची, एका आकड्यावर नजर खिळवायची आणि तो आकडा स्पष्ट दिसत राहील इतक्याच वेगाने मान डावी-उजवीकडे हलवायची. प्रथम बसून, पुढे उभ्याने. मग ओट्याला हात लावून एका पावलापुढे दुसरे पाऊल ठेवून उभे राहणे. पहिल्या आठवड्यात मळमळले, ती चिडली, "बरी होते, तुम्हीच भोवंड आणता," असे त्या मुलीला बोललीही. थोडी चक्कर आली तरच मेंदू शिकतो, हे तिला पटवायला वेळ लागला. सुमारे दहा आठवड्यांनी ती काठीवर ओसरीत आली. दरम्यान आम्ही न्हाणीघरात लोखंडी दांडा बसवला, साबण कोनाड्यातून खाली आणला, रबरी चपला टाकून दिल्या आणि रात्री खाटेपासून मोरीपर्यंत मंद दिवा ठेवला. ही व्यवस्था आधी असती तर? हा प्रश्न मी अजूनही टाळतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे प्राण गमावतात. अनवधानाने होणाऱ्या दुखापतींच्या मृत्यूंत रस्ते-अपघातांच्या खालोखाल हेच कारण आहे. म्हणूनच २०२५ साली जागतिक फिजिओथेरपी दिनासाठी निरोगी वार्धक्य आणि पडण्यापासून बचाव हा विषय निवडला गेला. पडलेल्या माणसाचे हाड जोडणारे आपल्याकडे आहेत. तो का पडला, हे विचारणारे कमी आहेत.

आणि येथे माझ्यातला पत्रकार जागा होतो. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण १९५२ पासून सुरू आहे. यवतमाळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. २०१०-११ मध्ये केंद्र शासनाने वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम आरंभला. जिल्हा पातळीवर फिजिओथेरपी आणि खालच्या रुग्णालयांत पुनर्वसन कार्यकर्ता ही त्याची अपेक्षा. २०२१ साली संसदेने अशा संलग्न वैद्यकीय व्यवसायांसाठी स्वतंत्र कायदाही केला. कागदावर सर्व आहे. परंतु उमरखेडहून यवतमाळला यायचे म्हणजे शंभराच्या घरात किलोमीटर, आणि झरी-जामणीच्या आदिवासी पाड्यावरील म्हाताऱ्याने काय करावे? २०२२ च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास विनामूल्य झाला, ही चांगलीच गोष्ट घडली. पण ज्याला एस.टी.ची पहिली पायरी पाहूनच धडकी भरते, त्याला त्या सवलतीचा उपयोग काय? तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी म्हणजे शेक देणे आणि कमरेला वजन लावणे, असाच समज आहे. साडेचार-पाच वर्षे शिकून आलेल्या मुला-मुलींना आपण शेक देणारे समजतो, हा आपला करंटेपणा. वस्तुतः या उपचाराला यंत्र लागत नाही. एक खाट, एक उशी आणि शिकलेले दोन हात. सोळा तालुक्यांच्या ठिकाणी आठवड्यातून एक दिवस एवढे मिळावे, अशी मागणी आपल्यासारख्या ज्येष्ठांच्या संघांनी जिल्हा प्रशासनाकडे लेखी करावी, अशी माझी विनंती आहे. निवेदनाचा मसुदा मी लिहून देईन. तेवढे काम मला येते.

आत्याचे सांगायचे राहिले. बरी झाल्यावर तिने कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घ्यायचे ठरवले होते. आपल्याला ठाऊकच आहे, ते मंदिर भूपातळीच्या खाली आहे. पायऱ्या उतरून जावे लागते. उतरताना तिने एका हाताने कठडा धरला, दुसऱ्या हाताने त्या मुलीचा खांदा. मी पुढे होतो. प्रत्येक पायरीवर थांबून ती समोर बघे आणि मगच पाऊल टाकी. वर येताना मी हात पुढे केला तर म्हणाली, "तू आपला तोल पाह्य."

माझा वेळ संपला आहे. आपल्यासाठी आज भौतिकोपचारतज्ज्ञ येथे उपस्थित आहेत आणि मागच्या खोलीत त्यांनी खाट मांडलेली आहे. कूस बदलताना किंवा वर पाहताना ज्यांना क्षणभर गरगरते, त्यांनी चहानंतर तेथे जावे. मानेचे किंवा डोळ्यांचे ऑपरेशन झाले असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, तर ते आधी सांगावे, आणि परत जाताना सोबत कोणाला तरी न्यावे.